पहिल्या बोटाचा मान

तुमच्या घरात शेवटचं बाळ जन्मलं, तेव्हा ते कोणासाठी उपाशी थांबलं होतं?

घाईनं 'कोणासाठीच नाही' म्हणू नका. घरातल्या बायकांना विचारा, मग बोला. हा प्रश्न मुळात माझा नाही, चंद्रकला सिस्टरांचा आहे. आशाताईंचं प्रशिक्षण कुठंही असो, स्वागत, हार आणि पाहुण्यांची ओळख या सगळ्यांच्या आधी सिस्टर हा प्रश्न सभागृहात सोडून द्यायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. बाया आधी हसायच्या. मग एकमेकींकडं बघायच्या. मग मागच्या रांगेतून कोणीतरी तोंड उघडायचं.

"आमच्यात आत्यासाठी थांबत्यात."

"आमच्यात थोरल्या काकासाठी."

"आमच्यात सासरचं माणूस आल्याबिगर पोराच्या तोंडाला काय लावू देत न्हाईत, सिस्टर. माझं थोरलं सकाळी झालं. सासूबाईला यायला दिवस मावळला."

"आन् तवर पोर?"

"रडून रडून झोपलं की."

"आता कळलं ना आपण इथं कशाला आलाव?" सिस्टर म्हणायच्या. "बसा. सुरू करू."

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाच्या जिभेला गुळाचं किंवा मधाचं पहिलं बोट ज्याचं लागतं, त्याचा स्वभाव आणि त्याचं नशीब बाळाला येतं, अशी समजूत आहे. म्हणून ते बोट कोणाचं, याला मोठा मान. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण मान असतो सासरचा. मग बाळ माहेरच्या मांडीवर आणि मानाचं बोट कुठंतरी एसटीत बसलेलं. आईच्या छातीशी लावायला बाळ हातभर अंतरावर, तरी ते लावायचं नाही. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचा पिवळसर घट्ट चीक बाळाच्या पोटात जायला हवा, त्याच्याआधी दुसरं काही जायला नको, हे आता शाळेतल्या पोरीलाही ठाऊक आहे. ठाऊक असूनही होत का नाही, याचं उत्तर शोधायला बहुतेक लोक आईकडं बघतात. सिस्टर त्या बोटाकडं बघायच्या.

त्या आधी उपकेंद्रावर नर्स होत्या. पुढं धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावच्या आशाताईंना शिकवायचं काम त्यांच्याकडं आलं. आशाताई म्हणजे गावातलीच बाई, गरोदर बाईच्या घरी जाऊन दोन गोष्टी सांगणारी, वेळ आली की तिला दवाखान्यात घेऊन जाणारी. मी त्या प्रशिक्षणांची पत्रकं आणि भिंतीवरची चित्रं करायचे. आमच्या घरी मोर्चाची, सभांची पत्रकं गठ्ठ्यानं यायची, मी वाचायला शिकले तीच वाचून. त्यामुळं चार ओळी नीट छापल्या की जग बदलतं, यावर माझा फार विश्वास होता.

पहिलं पत्रक मी त्यांना दाखवलं. वर मोठ्या अक्षरात होतं, 'आई, बाळाला पहिल्या तासातच दूध पाज!'

सिस्टरांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं. "अक्षर झ्याक आहे. पण हुकूम कोणाला सोडलास?"

"आईला."

"ती आडवी पडलीया. टाके पडलेत. पोर हिच्या हातात न्हाय, नणंदेच्या हातात आहे. आन् तू हिलाच दरडावतीस? पत्रक वाचणार सून, ठरवणार सासू. ज्याच्या हातात पोर आहे त्याला लिही."

मी ते पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. त्याच्या वर होतं, 'सासूबाई, मामंजी, नणंदबाई यांस नमस्कार.' सिस्टरांना ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक ठिकाणी त्या सांगायच्या, "ह्या पोरीनं लिहिलंय, पण अक्कल माझी हाय."

नम्रता हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता, आणि मला त्या आवडायच्या त्याचं ते एक मोठं कारण. बायकांनी चांगलं काम करावं आणि वर मान खाली घालावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी सिस्टरांना एकदा ऐकायला हवं होतं. "माझ्यासारखी शिकवणारी जिल्ह्यात दुसरी न्हाय," त्या बिनदिक्कत म्हणायच्या. "मीच सांगायलेय म्हणून ते खोटं होत न्हाय." माइक दिला तर बाजूला ठेवायच्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला, चपला दाराशी काढलेल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली शेंगाची चटणी आधी सगळ्या सभागृहात फिरायची आणि शेवटी त्यांच्यासाठी डब्याला चिकटलेली तेवढी उरायची. ती त्या बोटानं पुसून खायच्या.

एका शब्दावर मात्र त्यांचं डोकं फिरायचं. कोणी 'अडाणी बाया' म्हटलं की त्या जागीच थांबायच्या. "अडाणी नगं म्हणू. कोणी विचारलं न्हवतं असं म्हण." कोणी कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्याला वाक्य दुरुस्त करूनच पुढं जावं लागे.

एकदा तालुक्याच्या गावी प्रशिक्षण होतं. बोलावण्याच्या कागदावर कोणीतरी शहाण्यानं खाली टीप टाकली होती, 'सोबत लहान मुले आणू नयेत.' स्तनपान शिकवायच्या प्रशिक्षणाला अंगावर पिणारं मूल आणायचं नाही! मी हे रचून सांगत नाही. मला रचता आलं असतं तर याहून बरं काही रचलं असतं.

उद्घाटनाला एक पाहुणे आले होते. मातेचं दूध म्हणजे अमृत, माता म्हणजे देवता, असं त्यांचं भाषण चाललं होतं. बाहेर लिंबाखाली एक म्हातारी नातवाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती आणि ते पोर ओरडून ओरडून निळं पडायला आलं होतं. आत दुसऱ्या रांगेतली एक आशाताई पदर पुढं ओढून, दोन्ही हात छातीशी आवळून बसली होती. तिचा झंपर भिजला होता. भाषण रंगलं होतं. आम्ही सगळ्या तो आवाज ऐकत होतो आणि सगळ्या गप्प होतो.

सिस्टर उठल्या, बाहेर गेल्या, आणि म्हातारीला पोरासकट आत घेऊन आल्या.

"साहेब, जरा थांबा," त्या म्हणाल्या. "तुमी अमृत म्हणालात ना, ते प्यायला माणूस आलंय."

आशाताईनं पोर घेतलं, भिंतीकडं तोंड करून वळायला लागली. सिस्टरांनी तिला खुर्चीसकट आमच्याकडं फिरवलं, पदर नीट ओढून दिला आणि तिथूनच शिकवायला सुरुवात केली. बाळाचं अंग आईकडं वळलेलं कसं असावं, हनुवटी छातीला कशी टेकावी, तोंड मोठं उघडल्याशिवाय घाई का करायची नाही. पाहुणे हातात भाषणाचा कागद धरून उभे होते. बऱ्याच वेळानं ते खाली बसले, आणि खरं सांगायचं तर नीट ऐकत बसले. जाताना म्हणाले, "मला हे कोणी दाखवलंच नव्हतं."

"बगा," सिस्टर आमच्याकडं वळून म्हणाल्या, "अडाणी न्हाईत. कोणी विचारलं न्हवतं."

पुढच्या वेळेपासून कागदावरची ती टीप गेली.

पण त्यांची खरी रीत वेगळीच होती. बाकीचे प्रशिक्षक कापडी बाहुली घेऊन यायचे. बाहुली सिस्टरही आणायच्या, पण ती शेवटी काढायच्या. आधी सभागृहाच्या मधोमध त्या एक खुर्ची मांडायच्या. ती सासूची खुर्ची. वर्गातली सगळ्यात वाकड्या तोंडाची बाई त्या खुर्चीवर बसवायची आणि बाकीच्यांनी एकेक करून तिची समजूत घालायची. दुसऱ्या एकीला सून करून त्या मागं सतरंजीवर बसवायच्या आणि सांगायच्या, "तू बोलू नकोस. खऱ्यात तरी तुला कोण बोलू देतंय?"

मुरुमच्या बाजूच्या एका गावची महानंदा नावाची आशाताई होती. तिच्या मराठीत मधूनमधून कानडी डोकवायची. ती उभी राहिली की भांडायलाच उभी राहिलीय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. सिस्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. महानंदानं मांडी घातली, पदर डोक्यावरून घेतला आणि क्षणात कुणाचीतरी सासू झाली.

पहिली आशाताई पुढं आली. "आत्याबाई, बाळाला पहिल्या तासात आईचं दूध पाजायला लागतंय."

"कोण सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर माझी पाच पोरं वाढवायला आलता का?"

हशा. दुसरी आली. "आत्याबाई, गुळपाण्यानं बाळाला जुलाब हुत्यात."

"तुझा नवरा गुळपाण्यावरच वाढलाय की गं अक्का! तुला बरा चालतोय न्हवं?"

सगळं सभागृह लोळायला लागलं. तिसरी, चौथी, सगळ्या हरल्या. शेवटी सिस्टर स्वतः पुढं झाल्या. त्यांनी खुर्चीसमोर जमिनीवर बैठक मारली. आवाज एकदम खाली आणला.

"आत्याबाई, नातवंड येणार. पहिल्या बोटाचा मान कोणाचा?"

"माझाच की. आनी कुणाचा?"

"मान तुमचाच. तो कोण काढून घेईना. पण बोटाला गूळ कशाला? तुमच्या हातानं पोर आईच्या छातीला लावा. पहिला घोट तुमच्या हातचा. आन् तुमी लांब असलाव तर फोनवर नुसतं म्हणा, 'लाव गं.' तुमच्या शब्दाबिगर पोर दूध पेलं न्हाय, असं सगळं गाव म्हनंल."

महानंदा पदर खाली टाकून आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, सासू म्हणून मी ऐकलं. पण सून म्हणून मला पटत न्हाय. सासूला एवढा मान दिला तर ती डोक्यावर बसती. पोर माझं, दूध माझं, आन् हुकूम हिचा?"

माझ्या मनातलंच बोलली होती ती. मी वहीवरून मान वर केली.

सिस्टर जमिनीवरूनच तिच्याकडं बघत होत्या. "खरं हाय तुझं," त्या म्हणाल्या. "हुकूम तुझाच पायजे. ते भांडण आपण भांडू. मीबी हाय तुझ्या संगं. पण त्या भांडणाचा निकाल लागंस्तवर पोरानं उपाशी ऱ्हायचं का?"

खुर्चीवरून उठताना महानंदानं विचारलं, "मग हे पोर झाल्यावर विचारायचं, का आधी?"

"आठव्या महिन्यात. पोर रडायला लागल्यावर मान ठरवायला बसलं की उशीर होतोय."

त्या दिवसापासून सिस्टरांचं सगळं प्रशिक्षण या एका वाक्यावर उभं राहिलं: आठव्या महिन्यात बोट विचारा. सरकारी पुस्तकात ते वाक्य नव्हतं. असायला हवं, असं मला वाटतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना आई दिसते, बाळ दिसतं, ग्रॅम आणि मिनिटं दिसतात. घर दिसत नाही.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही ढोकीहून एसटीनं परतत होतो. गाळपाचे दिवस होते, कारखान्यावर जाणारे उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं रांगेत उभे होते आणि आमची गाडी त्यांच्यामागं अडकली होती. सिस्टर खिडकीतून त्या ट्रॅक्टरांकडं बघत होत्या.

"मी नवी नर्स होते तेव्हाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "इथंच एका गावात एक पोरगी होती. मी तिला महिना महिना शिकवलं. सगळं तोंडपाठ. घरीच मोकळी झाली. घरच्यांनी ठरवलं, पहिलं बोट थोरल्या काकाचं. लई नशीबवान माणूस, म्हणायचे. तो ट्रॅक्टर घेऊन अशाच रांगेत उभा होता. पोर थांबलं. रडायचं थांबंना म्हणून वाटीतलं गुळाचं पाणी दिलं, घटाघटा. काका दुसऱ्या दिवशी आला. तवर जुलाब सुरू झालेले. पाचवीसुद्धा पुजायची राहिली."

गाडी हातभर सरकली आणि पुन्हा थांबली.

"काकाला कोण काय म्हणालं न्हाय. त्याचीबी काय चूक? तो रांगेत होता. पोरीला मात्र सगळे म्हणाले, हिच्या अंगावर दूध न्हवतं." सिस्टरांनी खिडकीची काच वर ओढली. "दूध होतं. मी सगळं तिला शिकवलं आन् ज्याला शिकवायचं त्याला कधी भेटलेच न्हाय."

गाडी सुटली. पुढं त्या माझ्याशी पत्रकाच्या रंगाबद्दल बोलत राहिल्या. पण त्यांना रात्रंदिवस काय टोचत होतं ते मला तेव्हा कळलं. एकही बाळ कुणाच्या मानासाठी उपाशी राहता कामा नये. बाकी सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी चर्चेच्या होत्या, एवढी एक सोडून.

आणि म्हणून पुढचं सांगायलाच हवं. कारण सगळ्या जिल्ह्याला जे शिकवलं, ते एका घरात करायचं सिस्टर विसरल्या. ते घर त्यांचंच होतं.

त्यांची मुलगी सोनाली मुरुमच्या बाजूला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी धाराशिवला आलेली. दिवस भरले, दवाखान्यात नेलं, आणि ऐन दुपारी मुलगी झाली. मी डबा घेऊन पोचले तेव्हा बाळ आत्याच्या, म्हणजे जावयांच्या बहिणीच्या हातात होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, तोंड उघडझाप करत होतं. सोनाली कॉटवर होती. जावई दाराशी उभे होते आणि फार आदरानं सांगत होते, "आई निघाल्यात मुरुमहून. पहिलं बोट त्यांचंच. येऊ द्या, मग बघू."

सोनालीनं आईकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता सिस्टर पदर खोचणार.

सिस्टर उभ्याच राहिल्या. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून. जिल्ह्यातल्या साहेबाला भाषणातून खाली बसवणारी बाई मुलीच्या सासरच्यांसमोर मुलीची आई झाली होती. मुलीच्या आईनं बोलायचं नसतं, हे आपण कधी आणि कुठं शिकतो कोण जाणे, पण ते धडे फार पक्के असतात.

"सिस्टर," मी हळूच म्हणाले, "आठव्या महिन्यात विहीणबाईंना विचारलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाय गं," त्या म्हणाल्या. "कसं विचारायचं? त्यांना वाटंल, ही लई शाणी, आमाला शिकवायली."

बाळ कुरकुरलं. आत्यानं त्याला हलवलं. कोपऱ्यातल्या पिशवीतून गुळाचा खडा आधीच बाहेर निघाला होता.

त्या आवाजानं सिस्टर जाग्या झाल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि आवाज पूर्ण त्यांचा नव्हता, पण निघाला होता. "विहीणबाईंना फोन लावा. मोठ्यानं ऐकू येईल असा. परवानगी मीच मागते."

फोन लागला. मागं एसटीचा खडखडाट, कंडक्टरचा आवाज.

"विहीणबाई, मी चंद्रकला बोलतेय. नात झाली तुम्हाला."

"कळलं की! लक्ष्मी आली! पोरगी कशी हाय? दूध वडतीया का?"

"अजून लावलं न्हाय. तुमचं बोट..."

"लावलं न्हाय?" पलीकडून असा आवाज चढला की शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. "आवं विहीणबाई, तुमी नर्स हाव का कोण? पोर उपाशी ठिवून माझी वाट बगायलाव? आमच्या महानंदानं दोन महिन्यांमागंच मला बसवून सांगितलंय. म्या गाडीत असंन तर फोनवर हुकूम द्यायचा, गूळबिळ काय न्हाय, असं ठरलंय आमचं. मला वाटलं, तुमच्याकडं हे असणारच, तुमाला काय सांगायचं! लावा आधी पोरीला! आन् त्या माझ्या लेकाला सांगा, दारात उभा ऱ्हाऊ नगं म्हनावं, बाहेर जा!"

जावई बाहेर गेले. आत्यानं बाळ सिस्टरांकडं दिलं. सिस्टरांनी ते घेतलं, पण सोनालीच्या छातीशी लावताना त्यांचे हात पहिल्यांदाच सराईत दिसले नाहीत. बाळानं तोंड शोधत शोधत मोठं उघडलं आणि धरलं. सोनालीनं डोळे मिटले. फोन अजून चालूच होता. पलीकडून विचारणं चाललं होतं, "लागली का? वडतीया का? आरं कुणीतरी बोला की!"

"वडतीया," सिस्टर म्हणाल्या. "लई जोरात वडतीया."

सिस्टर आता निवृत्त झाल्यात, मुलीकडं असतात, मी त्यांना फार भेटत नाही. डोळे मिटले की मला त्या त्याच दुपारच्या दिसतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या आहेत, डोळे पुसताहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, झाडूवाल्या मावशींना, औषधं देणाऱ्याला, ओळख असो वा नसो, थांबवून अभिमानानं सांगताहेत, "विहीणबाईंनी मला झापलं! मला! काय झापलं म्हणून सांगू!" इतकं खूश होऊन बोलणी खाल्लेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कोणी पोटुशी असेल, तर तिला काही सांगायला जाऊ नका. तिला बहुधा ठाऊक आहे. ज्याच्या शब्दाशिवाय त्या घरात बाळाच्या तोंडाला काही लागत नाही, त्या माणसाला आजच फोन करा. सासू असेल, काका असेल, आत्या असेल. कदाचित ते माणूस तुम्हीच असाल. त्याच्याकडून आत्ताच, बाळ यायच्या आधी, एवढा शब्द घ्या: माझी वाट बघू नका, गूळपाणी देऊ नका, आधी आईच्या छातीला लावा. हे पान मिटायच्या आधी फोन लावा. तुम्ही मुलीची आई असाल आणि विहीणबाईंना फोन लावायचा संकोच वाटत असेल, तर सगळ्यात आधी तुम्हीच लावा.